पाटीऐवजी घरमालक

तुम्ही पाठवलेले फोटो मिळाले. डोंगर सुंदर आहे, तळं सुंदर आहे, आणि प्रत्येक फोटोत तुमच्यापेक्षा ठळक दिसते ती पाटी. या झाडाचं नाव हे, त्याचं वय इतकं, इथे कोणे एके काळी अमक्यांची छावणी होती, धबधबा इकडे. गाडी लावायची, पाटी वाचायची, फोटो काढायचा, पुढच्या पाटीकडे जायचं आणि अंधाराच्या आत घरी. इतकी शिस्तीची सहल पाहून मला समाधान वाटलं. माझं थोडं रक्त तुमच्यात उतरलं आहे म्हणायचं.

तुमच्या आईनं तिच्या लहानपणच्या सहलींबद्दल तुम्हाला फारसं सांगितलेलं नसावं. सांगण्यासारखं तिला काही दिसलंच नव्हतं, त्याला ती तरी काय करणार. आमच्याकडे पाट्या नव्हत्या. आमच्याकडे घरमालक होते.

छप्पन सालच्या हिवाळ्यात तुमच्या आजोबांची बदली पांढरकवड्याला झाली. ते गुरांचे डॉक्टर, आणि मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवणारी. विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता. ही बातमी घरमालकांनी ऐकली होती, पण मान्य केलेली नव्हती. ते जंगल खात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झाले होते आणि त्यांच्या लेखी अजून मध्य प्रांतच चालू होता. पुढे महाराष्ट्र झाला, त्याचीही त्यांनी दखल घेतली नाही. सरकारं येतात आणि जातात, साग आपल्या जागेवर असतो, असं ते म्हणत. सागाला बदलीचा हुकूम कोण देणार, असं मला विचारावंसं वाटे. पण आम्ही भाडेकरू होतो.

उंच, ताठ माणूस. डोक्यावर खाकी टोपी, खाकी अर्धी विजार, गुडघ्यापर्यंत मोजे, हातात धावड्याची काठी आणि गळ्याभोवती तपकिरी मफलर. मफलर बारा महिने. पांढरकवड्याच्या मे महिन्यात अंगावरची कातडी काढून खुंटीला टांगता आली तर बरं, असं वाटतं. त्या मे महिन्यात मालक भर दुपारी मफलर गुंडाळून अंगणातल्या झाडांना पाणी घालत असत. त्यांना सगळे मालकच म्हणत. त्यांच्या बायकोला काकू. आमच्याशिवाय दुसरे भाडेकरू होते मिस्त्री. फाटकाजवळच्या दोन खोल्यांत त्यांचं कुटुंब राहायचं, आणि लढाईनंतर लिलावात निघालेला एक फौजी ट्रक त्यांनी दुरुस्त करून करून इतका आपलासा केला होता की त्यात फौजेचं आता फक्त धूड उरलं होतं.

राहायला गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी मालकांना विचारलं, कपड्यांची दोरी त्या झाडाला बांधली तर चालेल का. त्यांनी हातातली पाण्याची झारी खाली ठेवली. मग म्हणाले, "कुठल्या झाडाला? मी तुम्हाला कधी 'ती बाई' म्हणतो का?" दोरी बांधायच्या आधी मला रामफळ आणि सीताफळ यांच्या पानांतला फरक तोंडपाठ करावा लागला. ओले कपडे तोवर बादलीत होते.

अंगणातल्या झाडांना नावाच्या पाट्या लावा, म्हणजे प्रत्येक पाहुण्याला सांगत बसायला नको, असं मी एकदा सुचवलं होतं. नीटनेटकेपणाचा मला सोस, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यावर मालकांनी मला त्यांचं आवडतं वाक्य ऐकवलं. "पाटी लावली की माणूस वाचतो आणि पुढे जातो. झाडाजवळ थांबायला शिकलं पाहिजे."

थांबायला त्यांनी आम्हाला शिकवलं, यात शंका नाही.

दर वर्षी संक्रांतीच्या आधीच्या एका रविवारी ते सगळ्या बिऱ्हाडांना सहलीला नेत. नेत म्हणजे मिस्त्रींचा ट्रक नेई, पण योजना मालकांची. निसर्ग आणि इतिहास एकाच दिवसात, अशी जाहिरात आठवडाभर आधी अंगणात होई. ठिकाण ठरलेलं: जंगलातल्या एका दरीत महादेवाचं ठाणं आहे, त्याच्या शेजारी धबधबा, आणि वरच्या अंगाला गोंड राजाच्या काळची म्हणतात अशी गढी. पौषात धबधबा बघायला जाणारे लोक मी तोवर पाहिले नव्हते; पण मी नागपूरहून आलेली, इथला धबधबा कदाचित उलट्या ऋतूत वाहत असेल असं मानून गप्प बसले.

पहिल्या सहलीला मी वेळापत्रक करून निघाले होते. उजाडायच्या आत निघणं, नऊला दरी, दहाला गढी, बाराला जेवण. नऊ वाजता आम्ही गावाबाहेरच्या पहिल्या नाल्यापाशी एका पळसासमोर उभे होतो. पळसाला फुलं यायला अजून महिना-दीड महिना होता, म्हणून फुलं असती तर ती कशी दिसली असती, हे मालकांनी सविस्तर सांगितलं. मग साग. सागाचं कोवळं पान चोळलं की बोटं लाल होतात, हे आम्ही सगळ्यांनी आळीपाळीनं करून बघितलं. मग मालकांनी त्याचं लॅटिन नाव सांगितलं, ते आमच्याकडून म्हणून घेतलं, आणि मिस्त्रींचा उच्चार त्यांना पसंत पडला नाही म्हणून त्यांच्याकडून पुन्हा म्हणून घेतलं. मिस्त्री बिचारे इंजिनात पाणी ओतता ओतता लॅटिन म्हणत होते.

बोलताना मालक कायम झाडाकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहत. त्यांचं म्हणणं, "माझ्याकडे काय बघता? झाडाकडे बघा." मागे कोण आहे, कोण नाही, याची त्यांना पर्वा नसे. एकदा निम्म्या व्याख्यानात आम्ही सगळे संत्री खायला ट्रकमागे गेलो होतो. परत आलो तेव्हा ते धावड्याच्या डिंकापर्यंत पोचले होते आणि आम्ही गेल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं.

निसर्ग झाला की इतिहास. वाटेत फाट्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक गुळगुळीत, डोक्याला गोल असा दगड उभा होता. तो गोंड राजाच्या सीमेचा दगड, असं मालकांनी पहिल्या वर्षी सांगितलं. दुसऱ्या वर्षी त्या दगडाजवळ एक लढाईही झाली होती असं कळलं. तिसऱ्या वर्षी आम्ही गेलो तर कोणीतरी त्याला पांढरा चुना फासून वर काळ्या रंगात मैलाचा आकडा लिहिला होता. मला वाटलं, आता काय करतील. मालक त्यावर काठी ठोकून म्हणाले, "बघा. इतिहासाचा हे लोक असा उपयोग करतात."

दुपार कलली की आम्ही फाट्यावर पोचलेले असू. तिथे एक प्रचंड मोहाचं झाड होतं. इथून डांबरी रस्ता सोडून बैलगाडीची वाट खाली दरीकडे उतरत जायची. त्या मोहाखाली मालक काठी रोवत आणि जाहीर करत की आता उशीर झाला, जंगलात ऊन लवकर उतरतं, दरी पुढच्या वर्षी. आम्ही तिथेच सतरंजी टाकून पुऱ्या खात असू आणि परत फिरत असू. तुमची आई दुसरीत होती तेव्हा तिला शाळेत 'आम्ही पाहिलेला धबधबा' असा निबंध आला. तिनं एकच ओळ लिहिली: धबधबा पुढे असतो. तिच्या बाईंनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली. मला मात्र तिच्याइतकं अचूक वर्णन करता आलं नसतं.

आता काकूंबद्दल सांगितलं पाहिजे, कारण ही गोष्ट खरं तर त्यांची आहे.

काकू ठेंगण्या, कामसू आणि अबोल. त्या घरात बोलण्याचं खातं एकाच माणसाकडे होतं. प्रत्येक सहलीला त्या पोतंभर गोवऱ्या, रोडग्यांसाठी जाडसर दळलेली कणीक, वांगी, तूप, गूळ असं सगळं ट्रकमध्ये चढवत. तुम्हाला रोडगे माहीत नसतील. जाड कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडायचे, तूप ओतायचं, आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. आमच्या इकडे नवस फेडायला देवाच्या दारी रोडगे करतात. मोहाखाली बसलो की मालक दर वर्षी म्हणत, इथेच कर रोडगे, निखारा इथेही लाल होतो. आणि दर वर्षी काकू न बोलता पुऱ्यांचा डबा उघडत. संध्याकाळी ते पोतं जसंच्या तसं ट्रकमधून उतरे आणि गोवऱ्या न्हाणीघरातल्या बंबात जात. जंगल मी त्या गोवऱ्यांइतकंच पाहिलं.

पहिल्याच वर्षी अंगणात तीळ निवडता निवडता मी त्यांना याचं कारण विचारलं. त्यांनी हातातलं सूप न थांबवता सांगितलं. मालक नोकरीत असताना त्याच दरीत त्यांच्यावर अस्वल आलं होतं. मान आणि खांदा फाडला. जंगलातल्या लोकांनी त्यांना खाटेवर घालून बाहेर आणलं. कित्येक दिवस ते ना बोलले, ना उठले. काकू त्या महादेवाला बोलल्या: याला वाचा दे, पाय दे, हा स्वतःच्या पायानं फाट्यापासून तुझ्या दारापर्यंत चालत येईल आणि मी तिथे रोडगे करीन.

"वाचा देल्ली, पाय देल्ले," काकू म्हणाल्या. "त्यानं त्याचं केलं. आमचंच राहून गेलं, बाई."

वाचेची बाजू देवानं जरा जास्तच मनावर घेतली होती, असं माझ्या ओठावर आलं होतं. मी तीळ निवडत राहिले. मालकांना नवस माहीत आहे का, असं मी विचारलं. आहे म्हणाल्या. अस्वलाचा आणि महादेवाचा काय संबंध, असं म्हणून ते हसले होते. पण त्याच वर्षापासून त्यांनी ही सहल सुरू केली. दर वर्षी निघतात, आणि दर वर्षी मोहापर्यंत येतात.

मला तेव्हा वाटलं, हा निव्वळ गबाळेपणा. वेळेचं नियोजन नाही, दुसरं काय. म्हणून तिसऱ्या वर्षी मी मनावर घेतलं. पळसापाशी घड्याळ दाखवलं, सागापाशी घड्याळ दाखवलं, आणि आम्ही चक्क अकरालाच मोहाखाली पोचलो. उशीर झाला म्हणायची सोय उरली नाही. मी म्हटलं, मालक, निदान त्या पहिल्या वळणापर्यंत तरी दाखवा की. ते निघाले. ऊन होतं तोवर चांगले चालले. झाडांची सावली जिथे दाट व्हायला लागते तिथे त्यांची काठी जमिनीत रुतली आणि ते एका धावड्याबद्दल बोलायला लागले. धावडा, मग सालई, मग पुन्हा धावडा. वाक्यं एकमेकांवर चढत होती. पौषातली थंडी होती, मी शाल घेतली होती, आणि मालकांच्या कपाळावर घाम होता. काठी नसलेला हात मफलरवर घट्ट दाबलेला. झाडामागे पाचोळ्यात कुठला तरी पक्षी खुडबुडला, तेव्हा ते वाक्याच्या मध्येच थांबले. आणि तो पक्षीच आहे असं दिसल्यावर दुप्पट वेगानं सुरू झाले.

मी म्हटलं, परत जाऊ या, मुलांना भूक लागली असेल. ते लगेच वळले. जाता जाता मला म्हणाले, "तुम्हा शहरी लोकांना जंगलाची सवय नसते."

संध्याकाळी मी हे काकूंना सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांना धक्का बसेल.

"मले पयल्यापासून मालूम हाय," त्या म्हणाल्या. "ते बोलून राह्यले म्हंजे भेऊन राह्यले. कोनाले सांगू नका."

त्यानंतर मालकांची व्याख्यानं मी वेगळ्या कानानं ऐकायला लागले. लांबी तेवढीच असे, कंटाळाही तेवढाच येई. पण फाटा जवळ येईल तसतसं त्यांचं लॅटिन वाढत जातं, हे मला आता कळत होतं. रेंजर होऊन जंगलाला भिणं ही त्या माणसाची सगळ्यात मोठी लाज, आणि ती झाकायला त्यांनी एक मफलर आणि जंगलातली यच्चयावत झाडं वापरली होती. त्यातही विशेष हे, की न जाण्यासाठी त्यांनी सहल बंद केली नाही. दर वर्षी पुन्हा निघायचे. अशी हिंमत किंवा असा वेडेपणा, काय म्हणाल ते, मी दुसऱ्या कोणात पाहिला नाही.

पुढची काही वर्षं अशीच गेली. मग एका दिवाळीनंतर काकूंच्या छातीत दुखायला लागलं. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की ट्रकचे धक्के आता पुरे. घरात बसा, पायऱ्या चढू नका. काकूंनी औषध घेतलं आणि बाकीचं ऐकल्यासारखं केलं. पौष आला तशा त्या मला म्हणाल्या की ही त्यांची शेवटची खेप. नवस डोक्यावर ठेवून त्या जाणार नव्हत्या. आणि मालकांना ओढून नेलेलं महादेवाला चालणार नव्हतं. ट्रकमध्ये बसवून नेलेलंही नाही. स्वतःच्या पायानं, असं त्या बोलल्या होत्या. देवाशी केलेल्या करारात पळवाट शोधणारी बाई ती नव्हती. इंग्रजी शिकलेल्या माणसांना ते सहज जमतं.

मी म्हटलं, मग आपण सगळे त्यांच्याबरोबर चालू. त्या नको म्हणाल्या. सोबत माणूस असला की मालक त्यालाच समजावत उभे राहणार. बोलायला कोणी नसलं तरच ते चालतील, असा त्यांचा हिशेब होता. आणि नाहीच चालले तर? फाट्यापासून मागे एक खेडं जवळच आहे, तिकडे जातील, काकू म्हणाल्या. म्हणजे मग तेही कळेल.

खरी अडचण ट्रकची होती. हँडल मारून सुरू केला की तो ट्रक अर्ध्या तालुक्याला ऐकू जायचा. काकूंनी मिस्त्रींना विश्वासात घेतलं. मिस्त्रींनी डोकं खाजवलं.

"फाट्यापासून उतार हाय, काकू," ते म्हणाले. "इंजन कायले पायजे? गाडी आपली आपण जाते. बिरेक लागला तं थांबून बी जाते."

"अन् नाही लागला तं?"

"तं महादेव हायेच ना खाली."

त्या रविवारी सगळं नेहमीसारखं झालं. पळस झाला, साग झाला, चुना फासलेल्या दगडासमोर गोंड राजा पुन्हा एकदा लढला. मोहाखाली मालकांनी काठी रोवली, आमच्याकडे पाठ केली आणि मोहाच्या खोडावर बोलायला सुरुवात केली. त्यांना वाटलं, आम्ही मागे सतरंजी अंथरतो आहोत. आम्ही एकेक करून ट्रकमध्ये चढलो. तुमच्या आईला मी ओठावर बोट ठेवायला सांगितलं. तिनं दोन्ही हात ठेवले. तुमच्या आजोबांना ही योजना बिलकुल पसंत नव्हती. म्हातारा माणूस, भित्रा माणूस, जंगलात एकटा. मी मागे थांबतो, असं ते कुजबुजत होते. काकूंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि ते गोवऱ्यांच्या पोत्यावर बसले. मिस्त्रींनी ब्रेक सोडला. ट्रक एखाद्या म्हशीसारखा हलला, पाचोळा कुरकुरला, आणि मालकांची पाठ, खाकी विजार, उंच धरलेली काठी, सगळं हळूहळू लहान होत वळणाआड गेलं. त्यांचा आवाज तेवढा बराच लांबपर्यंत येत राहिला. मोहाच्या फुलांबद्दल बोलत होते. मोहालाही तेव्हा फुलं नव्हती.

शेवटी एकदाची दरी बघितली. निसर्ग आणि इतिहास दोन्ही माझ्यासमोर उभे होते. धबधबा म्हणजे काळ्या खडकावरून ओघळणारी एक करंगळीएवढी धार. आमच्या नळाला पांढरकवड्यात उन्हाळ्यातही याहून बरं पाणी यायचं. गढी म्हणजे दीड भिंत आणि तिच्यावर उगवलेला पिंपळ. महादेव म्हणजे टिनाच्या पत्र्याखाली एक काळा दगड आणि वाळलेला बेल. इतकी वर्षं ज्यासाठी निघत होतो ते हे. पाटी असती तर वाचून दोन मिनिटांत परत निघालो असतो.

काकूंनी गोवऱ्या रचल्या आणि पेटवल्या. कणीक मळली, रोडगे वळले, परातीत ओळीनं मांडले. भाजी चुलीवर चढली. निखारे लाल झाले, पण काकूंनी एकही रोडगा त्यात घातला नाही. फाट्याच्या वाटेकडे तोंड करून त्या परातीजवळ बसल्या, डाव्या हातानं छाती चोळत.

निखाऱ्यांवर राख धरायला लागली. तुमचे आजोबा वळणापर्यंत जाऊन यायला निघाले. काकू म्हणाल्या, बसा. थोड्या वेळानं मिस्त्री म्हणाले, गाडी फिरवून घेतो, घेऊन येतो त्यांना. काकू म्हणाल्या, बसा. तुमच्या आईनं विचारलं, मालकआजोबांना वाट माहीत नाही का? राख वाढत होती. रोडग्यांना निखारा लागतो. राख झाली की संपलं. पोत्यात आणखी गोवऱ्या नव्हत्या, आणि काकूंसाठी आणखी पौष नव्हता. मी माझ्या घड्याळाकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते पदराखाली लपवलं.

आणि मग आवाज आला.

आधी वाटलं, लाकूडतोडे असतील. मग शब्द कळायला लागले. "हा ऐन! हा धावडा! ही सालई!" सगळी दरी दुमदुमेल इतक्या खड्या आवाजात मालक येत होते. समोर कोणी श्रोता नव्हता. ते झाडांनाच झाडांची नावं सांगत होते. आवाज फाटत होता, पण थांबत नव्हता. "बेहडा! तेंदू! हा पुन्हा ऐन!" लॅटिन नाही, डिंकाचे उपयोग नाहीत, गोंड राजा नाही. एक नाव, आणि पुढे. एक नाव, आणि पुढे. ज्या माणसानं आम्हाला एकेका झाडापाशी तास तास उभं केलं तो आज एकाही झाडाजवळ थांबत नव्हता.

मिस्त्री हळूच म्हणाले, "या अल्ला, अस्वल पळून जाईन."

काकू हसल्या नाहीत. त्यांनी काठीनं वरची राख बाजूला सारली. खाली अजून लाल होतं. त्यांनी पहिला रोडगा निखाऱ्यात ठेवला.

मालक वळणावरून दिसले तेव्हा मफलर त्यांच्या हातात होता. मान उघडी होती. कानाखालून खांद्यापर्यंत गेलेले ते व्रण आम्ही पहिल्यांदा बघत होतो आणि बघत नाही असं दाखवत होतो. ते सरळ चालत आगीपर्यंत आले. मला वाटलं, आता आमची खरडपट्टी निघणार. त्यांनी निखाऱ्यांकडे बघितलं, धाप लागलेली होती, आणि म्हणाले, "गोवऱ्या कमी लावल्या."

"हात-पाय धुवा," काकू म्हणाल्या. "देव कवाचा थांबला हाय."

त्यांनी हात-पाय धुतले. त्या धबधब्याला त्या दिवशी तेवढंच काम होतं. मग काकूंच्या शेजारी उभे राहून त्यांनी नैवेद्य होऊ दिला. हात जोडले नाहीत, पण टोपी काढली. रोडगे एका बाजूनं करपले होते आणि दुसऱ्या बाजूनं थोडे कच्चे होते. मी त्याहून चांगले रोडगे पुष्कळ खाल्ले आहेत. जेवणभर मालक एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या सहवासातलं तेवढंच एक शांत जेवण मला आठवतं, आणि खरं सांगायचं तर ते शांत असणं कोणालाच सोसवत नव्हतं. शेवटी तुमची आई त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"मालकआजोबा, धबधबा हाच का?"

"हाच."

"एवढाच?"

"एवढाच," ते म्हणाले, आणि तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

परतताना ते ट्रकमध्ये मिस्त्रींशेजारी बसले. आपल्याला मागे का सोडलं, असं त्यांनी ना तेव्हा विचारलं ना पुढे कधी. चढावर इंजिन इतकं ओरडत होतं की बोलणं शक्यच नव्हतं. मोहापाशी वर आलो तसं त्यांनी काठीनं टपावर ठोकलं. मिस्त्रींनी ट्रक थांबवला. मालक उतरून मागे आले आणि फळीवर हात ठेवून काकूंकडे बघत उभे राहिले. इतकी वर्षं मी त्यांची शुद्ध, पुस्तकी भाषा ऐकली होती. ती त्यांनी तेव्हा बाजूला ठेवली.

"तुह्या महादेवाले सांगतलं का," त्यांनी विचारलं, "मी गाडीत बसून नाही आलो म्हणून?"

काकूंनी रिकामं पोतं घडी घालून मांडीवर घेतलं.

"सांगाले कायले पायजे? साऱ्या जंगलानं आयकलं."

मालकांनी मफलर पुन्हा गळ्याभोवती घेतला, घसा साफ केला आणि रस्त्याकडेच्या त्या चुना फासलेल्या दगडाकडे काठी उगारून चालू लागले. त्याच्याबद्दल काहीतरी सांगायचं राहून गेलं होतं म्हणे. ऊन उतरत आलं होतं, घर लांब होतं आणि मुलं पेंगुळली होती. आम्ही सगळे मुकाट्यानं खाली उतरलो आणि त्यांच्या पाठीमागे जाऊन उभे राहिलो.